ऑनलाइन लिलावात विक्री करताना: शुल्काचा हिशेब आणि चेक वटण्याची प्रक्रिया

जुनी नाणी, टपाल तिकिटे किंवा दुर्मीळ पुस्तके ऑनलाइन लिलावात विकणाऱ्याच्या दृष्टीने बोली संपल्यानंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. बोली चढत असते तोवर वस्तू आपल्या कपाटात सुरक्षित असते. "पैसे पाठवले आहेत" हा निरोप येतो आणि आपण पार्सल बांधायला घेतो, नुकसान होते ते त्या घाईत. मी स्वतः नाणी आणि तिकिटे विकतो, आणि नव्या विक्रेत्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की रक्कम खात्यात दिसली एवढ्यावर वस्तू हातची सोडू नये. ती रक्कम आता परत जाऊ शकत नाही याची खात्री झाल्यावरच टपालाची पावती फाडावी.

मात्र त्याआधी, म्हणजे लॉट (एका बोलीत विकायची वस्तू किंवा संच) मांडण्यापूर्वीच, शुल्काचा हिशेब कागदावर मांडला पाहिजे. समजा, तिकिटांचा एक संच १२,००० रुपयांना गेला, टपालखर्चाचे १५० रुपये धरून खरेदीदाराने १२,१५० रुपये क्रेडिट कार्डाने भरले, लिलाव चालवणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन बोलीच्या १० टक्के आहे आणि पेमेंट गेटवे (कार्डाची रक्कम विक्रेत्यापर्यंत पोचवणारी सेवा) २ टक्के घेतो. गेटवेचे शुल्क टपालखर्चासह संपूर्ण रकमेवर लागते, म्हणजे २४३ रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी ४३ रुपये ७४ पैसे. कमिशन १,२०० रुपये आणि त्यावर जीएसटी २१६ रुपये. टपालाचे १५० रुपये वजा केल्यावर हातात उरतात १०,२९७ रुपये २६ पैसे. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहते.

येथे एक चूक हमखास होते. वरील दरांनी एकूण कपात १४.१६ टक्के होते, म्हणून हातात १०,००० रुपये यावेत अशी इच्छा असलेला विक्रेता त्यात १४.१६ टक्के मिळवून ११,४१६ रुपयांची पायाभूत किंमत ठेवतो. पण कपात वाढवलेल्या रकमेवर होत असल्याने त्याच्या हाती सुमारे ९,८०० रुपयेच पडतात. योग्य रीत अशी की कपातीनंतर ८५.८४ टक्के उरतात, म्हणून १०,००० ला ०.८५८४ ने भागावे. उत्तर सुमारे ११,६५० रुपये येते. एका लॉटमागे दोनशे रुपयांचा हा फरक वर्षभराच्या विक्रीत फार मोठा होतो.

शुल्क वाचवायचे तर यूपीआय आणि थेट बँक हस्तांतरण हे मार्ग उत्तम आहेत. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाने घेतलेल्या रकमेवर विक्रेत्याला एमडीआर, म्हणजे रक्कम स्वीकारण्याबद्दल बँक कापते ते शुल्क, द्यावे लागत नाही. यूपीआयला जोडलेले क्रेडिट कार्ड किंवा वॉलेट यांचे नियम मात्र निराळे आहेत, ते आपल्या बँकेकडून समजून घ्यावेत. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या विक्रेत्याला ०.४० टक्के आणि एका व्यवहारामागे जास्तीत जास्त २०० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. थेट बँक हस्तांतरणाच्या पद्धतींपैकी एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते, त्यामुळे रविवारी रात्री संपलेल्या लिलावाची रक्कमही त्याच रात्री येऊ शकते. आरटीजीएससाठी रक्कम किमान दोन लाख रुपये असावी लागते.

यूपीआयचा स्क्रीनशॉट हा पुरावा कधीच मानू नये, आणि एसएमएसवरही विसंबू नये. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः नोंद पाहावी. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी लागतो. याहून कमी लोकांना ठाऊक असलेला धोका म्हणजे बोली जिंकणारा एक आणि पैसे पाठवणारा दुसराच, असा व्यवहार. ती रक्कम कोणाच्या तरी फसवणुकीतून आलेली असेल आणि मूळ मालकाने सायबर गुन्ह्याची तक्रार केली असेल, तर पैशाचा माग काढत तपास आपल्या खात्यापर्यंत पोचतो आणि खात्यातील रक्कम गोठवली जाऊ शकते. म्हणून विजेत्याच्या स्वतःच्या खात्यातूनच रक्कम स्वीकारली जाईल, हे लिलावाच्या अटींमध्ये आधीच लिहावे आणि नावे जुळत नसतील तर पार्सल थांबवून विचारणा करावी.

कार्डाच्या पेमेंटमध्ये चार्जबॅकची शक्यता असते: वस्तू मिळालीच नाही किंवा वर्णनाप्रमाणे नव्हती, अशी तक्रार कार्डधारक आपल्या बँकेकडे नंतरही करू शकतो आणि गेटवे ती रक्कम विक्रेत्याकडून परत घेतो. नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, पार्सल बांधतानाचा व्हिडिओ आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे.

आता चेकविषयी. ज्येष्ठ संग्राहक, ग्रंथालये आणि संस्था आजही चेकनेच पैसे देतात, आणि त्यांना नकार देणे मला योग्य वाटत नाही. पण चेक हाती आल्यावर तो नीट वाचावा. तारीख तीन महिन्यांच्या आतील असावी, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळावी, आपले नाव खात्यावर आहे तसेच लिहिलेले असावे आणि कोठेही खाडाखोड नसावी. चेकची केवळ प्रतिमा पुढे पाठवणाऱ्या सीटीएस पद्धतीत तारखेखेरीज कोणताही बदल केलेला चेक चालत नाही, त्यावर सही करून दुरुस्ती केलेली असली तरीही. रक्कम ५०,००० रुपये किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने पॉझिटिव्ह पे सुविधेतून चेकचा तपशील आपल्या बँकेला कळवला आहे का, हे आवर्जून विचारावे. पाच लाखांपासून पुढे बँका ते सक्तीचे करू शकतात.

४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंगची, म्हणजे चेक वटवण्याची, पद्धत बदलली आहे. पूर्वी चेक गठ्ठ्याने ठरावीक वेळी पुढे जात आणि रक्कम साधारणपणे दुसऱ्या दिवशी मिळे. आता दिवसाच्या ठरलेल्या वेळेत बँकेत आलेले चेक स्कॅन करून सतत पुढे पाठवले जातात, आणि ज्या बँकेवर चेक काढलेला आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. तोपर्यंत उत्तर आले नाही, तर चेक मान्य झाला असे धरले जाते. मात्र हा वेग चेक स्कॅन झाल्यानंतरचा आहे. ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेला चेक पेटी उघडेपर्यंत तसाच पडून राहतो. त्यामुळे शक्य तेव्हा सकाळीच शाखेत जाऊन चेक खिडकीवर द्यावा आणि शिक्का मारलेली पावती घ्यावी.

माझ्या बाबतीत घडलेला प्रसंग जुन्या पद्धतीच्या काळातील आहे. पंचम जॉर्जच्या छापाचे आठ चांदीचे रुपये १४,२०० रुपयांना गेले होते. परगावच्या खरेदीदाराचा चेक मी शुक्रवारी संध्याकाळी पेटीत टाकला, सोमवारी अ‍ॅपवर रक्कम जमा दिसली आणि दुपारीच पार्सल रवाना केले. एकूण शिलकीच्या ओळीखाली वापरण्याजोग्या शिलकीची वेगळी ओळ होती आणि तिथला आकडा वाढलेला नव्हता, हे मी पाहिलेच नाही. मंगळवारी पुरेशी शिल्लक नसल्याचा शेरा घेऊन चेक परत आला. म्हणून अ‍ॅपमधली ती दुसरी ओळ वाढल्याशिवाय वस्तू पाठवू नये.

चेक वटला नाही, तर बँकेकडून परतीचा मेमो लेखी घ्यावा. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकसारख्या कागदांविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ नुसार चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरण्यासाठी समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि तरीही पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करता येते. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. चेक देण्यामागे खरे देणे होते हे दाखवता यावे, म्हणून लॉट क्रमांक घातलेले बिल आणि बोली जिंकल्याचा संदेश सुरुवातीपासूनच जपून ठेवावा. माझ्याकडे हे दोन्ही होते. वकिलामार्फत पाठवलेली नोटीस पोचल्यानंतर बाराव्या दिवशी पूर्ण रक्कम एनईएफटीने आली. बँकेने कापलेले चेकपरतीचे शुल्क आणि वकिलाची फी मात्र मलाच सोसावी लागली.