इंग्रजीतला ‘टी’: बोलताना आणि ऐकताना या चुका टाळा

एसटीत कंडक्टरकडून घेतो तो ‘तिकीट’ हा शब्द एकदा सावकाश म्हणून बघा. सुरुवातीला त, शेवटी ट. मूळ इंग्रजी शब्दात मात्र दोन्ही टोकांना एकच व्यंजन आहे, टी. आपल्या आधीच्या पिढ्यांच्या कानांनी ते एकदा त ऐकलं, एकदा ट ऐकलं, आणि दोन्ही वेळा कान फारसा चुकला नव्हता. इंग्रजी टी खरोखरच आपल्या त आणि ट यांच्या मधल्या जागेवर बसतो. शिवाय शब्दात तो कुठे आला आहे आणि बोलणारा कुठला आहे, यावर त्याचं रूप बदलतं.

मी लातूरला बोलायचं इंग्रजी शिकवते. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूरकडची मुलंमुली येतात. पेपर सोडवण्यात ती कुणाला हार जात नाहीत, व्याकरण पक्कं असतं, पण पेपरात कान तपासला जात नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला नोकरीसाठी फोन आला. पलीकडचा माणूस अमेरिकन वळणाचं बोलत होता. रुजू व्हायची तारीख तिने ‘थर्ड’ अशी ऐकली आणि तीन तारखेला बॅग भरून पुण्यात हजर झाली. तारीख होती तीस. “मॅडम, त्यांनी थर्डच म्हणलं होतं की,” ती रडवेली होऊन सांगत होती. तिचा कान खोटं सांगत नव्हता. ‘थर्टिएथ’ हा शब्द अमेरिकन तोंडातून ‘थर्डिअथ’ असाच बाहेर येतो, आणि शेवटचा अथ फोनवर विरून गेला. तिला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

चूक पहिली: सगळीकडे मराठी ट

आपला ट म्हणताना जिभेचं टोक वर वळून टाळूला लागतं. त म्हणताना ते दातांना टेकतं. इंग्रजी टीसाठी टोक वरच्या दातांच्या लगेच मागे, हिरडीचा जो उंचवटा जिभेला लागतो, तिथे टेकवायचं. आत्ता जिभेने चाचपून बघा, जागा सापडेल.

जागेपेक्षाही जास्त अडचण हवेची आहे. टॉप, टी, टाइम, टाउन अशा शब्दांच्या सुरुवातीला इंग्रज किंवा अमेरिकन माणूस टीबरोबर हवेचा झोत सोडतो. आपल्या ट मध्ये ती हवा नसते, आणि त्यांच्या कानाला बिनहवेचा टी हा ड सारखा लागतो. आपण ‘टाउन’ म्हणतो, त्यांना ‘डाउन’ ऐकू येतं. आपण ‘टेन’ म्हणतो, ते ‘डेन’ समजतात. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘टॉप’ म्हणा. पट्टी हलली पाहिजे. नाही हलली तर हवा कमी पडली. मग ‘स्टॉप’ म्हणा. आता पट्टी जवळजवळ हलायला नको, कारण एसच्या मागे आलेल्या टीला तेही हवा देत नाहीत. म्हणजे स्टॉप, स्टेशन, स्टुडंट यात आपला बिनहवेचा टी चालून जातो.

काही मुलं यावर उपाय म्हणून सरळ ठ लावतात. ‘ठाइम’, ‘ठेबल’. तसं करू नका. ठ मध्ये हवा आहे, पण जीभ पुन्हा टाळूवर जाते. जीभ पुढे ठेवूनच हवा सोडायची.

चूक दुसरी: पोष्ट, बेष्ट, फष्ट

ही चूक मुलांना आळशीपणा वाटतो, पण तो आळशीपणा नाही. कष्ट, नष्ट, गोष्ट हे शब्द बघा. मराठीत ट शेजारी आला की स ला तो आपल्या जागेकडे ओढून घेतो आणि स चा ष होतो. तीच सवय आपण पोस्ट आणि बेस्टला लावतो. त्यामुळे “स म्हणा, स म्हणा” असं कितीही बजावलं तरी उपयोग होत नाही. दुरुस्त करायचा आहे तो ट. जीभ पुढे आणून टी म्हटला की ओढणाराच उरत नाही आणि स आपोआप स राहतो. वर्गात हे मी आधी सांगत नाही, फक्त जिभेची जागा बदलायला लावते. मुलाच्या तोंडून स्वच्छ ‘पोस्ट’ निघाला की तोच चमकून माझ्याकडे बघतो.

‘इस्टेशन’, ‘इस्टॉप’ मधला सुरुवातीचा इ वेगळा. आधी नुसता लांब ‘सsss’ धरा, मग टी जोडा. दोन दिवसांत जातो.

चूक तिसरी: अमेरिकन टीला र किंवा ड समजणं

दोन स्वरांच्या मधे टी आला आणि पुढच्या अक्षरावर जोर नसला, तर अमेरिकन माणूस जिभेचं टोक नुसतं टिचकीसारखं लावून सोडतो. हा आवाज आपल्याला अनोळखी नाही. ‘करा’, ‘बरा’ मधला आपला र जवळपास तोच. म्हणून वॉटर, बेटर, सिटी हे शब्द आपल्या कानाला वारर, बेरर, सिरी असे लागतात. “मॅडम, काय म्हणायलेत ते कळंनाच,” असं मुलं म्हणतात ते यामुळे. अशा बोलण्यात रायटर आणि रायडर, मेटल आणि मेडल यांच्यात फरक जवळजवळ उरत नाही. संदर्भावरूनच ओळखावं लागतं.

जोर टीच्याच अक्षरावर असला तर मात्र टी स्पष्ट राहतो. होटेल, अटॅक, गिटार यात तो कुणी घासत नाही. आकडे ओळखायला याचा फार उपयोग होतो. ‘थर्टीन’मध्ये टीवर जोर असतो, हवा असते आणि शेवटी न. ‘थर्टी’मध्ये टी टिचकीचा, ‘थर्डी’ सारखा. एटीन आणि एटी, फोर्टीन आणि फोर्टी यांचंही तसंच. पगार, तारीख, खोली नंबर ऐकताना आकड्यातला टी कडक आला की टिचकीचा, एवढंच पकडा. शंका राहिली तर “वन थ्री ऑर थ्री झिरो?” असं सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

मानवत, सेलूकडच्या मुलांना मी कॉटन हा शब्द देते, कारण तो त्यांच्या घरातला आहे. अमेरिकन तोंडात यातला टी जिभेवर येतच नाही. लहान मूल नको म्हणताना ‘अं-अं’ करतं, त्या दोन अंच्या मधे घशात जो झटका बसतो, तोच इथला टी. बटन, माउंटन तसेच. लंडनकडचे बरेच लोक बॉटल, वॉटरलाही तोच झटका देतात.

हे सगळे प्रकार कानाला यायला हवेत. जिभेला सगळे नकोत. एका वाक्यात ‘वारर’ आणि पुढच्यात मराठी ट, असं ऐकणाऱ्याला फार गोंधळात टाकतं. जीभ पुढे, सुरुवातीला हवा, बाकी स्वच्छ टी, एवढ्यावर जगात कुठेही काम भागतं.

लिहिलेला टी आणि बोललेला टी

लिसन, कॅसल, व्हिसल, फासन यात टी लिहायचा, म्हणायचा नाही. ‘डेपो’च्या स्पेलिंगमधला शेवटचा टी आपण कधी म्हणत नाही, तसंच हे. ऑफन दोन्ही प्रकारे चालतो. उलट वॉक्ड, वॉश्ड, आस्क्ड यात शेवटी डी लिहिलेला असला तरी आवाज टीचा असतो: वॉक्ट, वॉश्ट, आस्क्ट. ‘वॉशेड’ म्हणू नका. थॉमस आणि थेम्स नदी यांचा उच्चार टॉमस, टेम्झ.

सर्वात महाग पडणारी चूक: कॅन आणि कान्ट

अमेरिकन बोलण्यात ‘कान्ट’चा उच्चार ‘कॅन्ट’ होतो आणि शेवटचा टी गिळला जातो. मग होकार आणि नकार ओळखायचा कसा? स्वरावरून. होकारातला कॅन वाक्यात घाईने ‘क्न’ असा येतो: ‘आय क्न कम’. नकारातला ठसठशीत ‘कॅन’ असा येतो आणि अचानक तुटतो. म्हणजे आपल्याला जो शब्द स्पष्ट ‘कॅन’ वाटतो, तो नेमका नकार असू शकतो. आपण बोलतानाही हाच घोळ उलट बाजूने होतो, कारण आपण होकारातला कॅन जोर देऊन म्हणतो. म्हणून होकाराला कॅन हलका ठेवून पुढच्या क्रियापदावर जोर द्या. आणि फोनवर नकार द्यायचा असेल तर ‘कान्ट’ वापरूच नका, पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणा.