राजा बदलला की पौंडाच्या नोटा-नाण्यांचं काय होतं, आणि घरातल्या जुन्या पौंडांचं काय करायचं

ब्रिटनमध्ये राणी एलिझाबेथ गेली ८ सप्टेंबर २०२२ ला, त्याच क्षणी चार्ल्स राजा झाला (राज्याभिषेक पुढच्या वर्षी मे महिन्यात झाला, पण राजा व्हायला त्याची वाट बघावी लागत नाही), आणि लगेच सगळ्यांचा एकच प्रश्न, आता राणीवाल्या नोटा बंद होणार का? तर नाही. राजा-राणी गेले म्हणून तिथे पैसे रद्द होत नाहीत. गोंधळ झाला तो भलत्याच कारणाने, तेवढं आधी सांगतो.

कागदी २० आणि ५० पौंडाच्या नोटा दुकानात चालायची शेवटची तारीख होती ३० सप्टेंबर २०२२, म्हणजे राणी गेल्यावर जेमतेम तीन आठवडे. ही तारीख आधीपासून ठरलेली होती, कारण कागदी जाऊन प्लास्टिकच्या म्हणजे पॉलिमर नोटा आल्या होत्या, राणीचा काही संबंध नाही. पण दोन्ही बातम्या एकाच महिन्यात आल्यामुळे "राणीच्या नोटा बंद झाल्या" असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं आणि ते पसरलं.

म्हणून नोट हातात घेतली की चेहरा नंतर बघा, आधी बोटांनी बघा कागद आहे की प्लास्टिक. प्लास्टिक असेल, पारदर्शक खिडकी असेल, तर राणी असो की राजा, बिनधास्त वापरा. कागदी असेल तर दुकानदार घेणार नाही, पण फेकू नका हां, बँक ऑफ इंग्लंड (तिथली मध्यवर्ती बँक) स्वतःच्या जुन्या नोटा कायम बदलून देते, कितीही जुनी असली तरी. लंडनला थ्रेडनीडल स्ट्रीटवर त्यांचं काउंटर आहे किंवा पोस्टाने पाठवता येतात, आणि ब्रिटनमध्ये खातं असेल तर आधी आपल्या बँकेत विचारा, तेच सोपं पडतं.

चार्ल्सच्या नोटा आल्या ५ जून २०२४ ला, ५, १०, २० आणि ५० अशा चारही. डिझाइन जवळजवळ तेच, मागे चर्चिल, लेखिका जेन ऑस्टिन, चित्रकार टर्नर आणि गणितज्ञ ट्युरिंग तसेच, फक्त पुढचा चेहरा आणि खिडकीतलं छोटं चित्र बदललं. शिवाय बँकेने सगळ्या नोटा एकदम बदलायच्या नाहीत असं ठरवलं, जुन्या नोटा फाटतील-झिजतील किंवा मागणी वाढेल तेवढ्याच नव्या छापायच्या, त्यामुळे दोन्ही चेहरे बरीच वर्षं एकाच पाकिटात राहणार. आणि स्कॉटलंडच्या बँकेची नोट मिळाली आणि तिच्यावर राजाही नाही राणीही नाही तर घाबरू नका, तिथल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात आणि त्यांवर राजघराण्याचा चेहरा असायलाच हवा असं नाही. खरं तर बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर राजघराण्याचा चेहरा पहिल्यांदा आला तोच १९६० मध्ये, एलिझाबेथचा.

नाण्यांचा कारभार मात्र शेकडो वर्षांचा आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेशीर. नाणं सरळ धरा आणि नाक कुठल्या बाजूला आहे ते बघा. उजवीकडे असेल तर राणी, डावीकडे असेल तर चार्ल्स. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, प्रत्येक नवीन राजाचा चेहरा आधीच्याच्या उलट दिशेला ठेवायची पद्धत आहे. ती मोडायला निघाला आठवा एडवर्ड, त्याला स्वतःची डावी बाजू आवडायची म्हणून तो डावीकडेच बघणार म्हणाला, पण १९३६ मध्ये त्याने गादीच सोडली आणि ती नाणी चलनात आलीच नाहीत. मग त्याच्या भावाला, सहाव्या जॉर्जला, डावीकडे बघायला लावलं, जणू एडवर्डची नाणी नियमाप्रमाणे उजवीकडे बघणारी निघालीच होती! चार्ल्सचा चेहरा मार्टिन जेनिंग्ज या शिल्पकाराने केलाय, डोक्यावर मुकुट नाही. पहिलं नाणं ५० पेन्सचं, डिसेंबर २०२२ मध्ये पोस्ट ऑफिसांतून सुट्ट्या पैशांत यायला लागलं, आणि २०२३ मध्ये मागच्या बाजूची डिझाइन्सही बदलली, १ पौंडावर मधमाश्या, ५० पेन्सवर सामन मासा, १ पेनीवर छोटा उंदरासारखा डॉरमाउस.

राणीची नाणी तेव्हा २७ अब्जांच्या आसपास फिरत होती, ती गोळा करून वितळवणं वेडेपणाच झाला असता. १९७१ मध्ये दशमान पद्धत येईपर्यंत तर लोकांच्या खिशात व्हिक्टोरियाच्या पेनीसुद्धा सापडायच्या. फक्त जुना गोल १ पौंड दुकानात देऊ नका, तो ऑक्टोबर २०१७ लाच बंद झालाय, हल्लीचा बारा कोनांचा असतो.

टपाल तिकिटावर हा दिशेचा खेळ करू नका, तिथे राणीही डावीकडे आणि चार्ल्सही डावीकडे. तिकिटावर बारकोड आहे का ते बघा. रोजच्या वापराची बिनबारकोडची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर चालत नाहीत, हेही राणी गेल्यामुळे नाही, आधीच ठरलेलं. बारकोडवाली राणी चालते.

बाकीच्या गोष्टींना एकच प्रश्न विचारा, ही पदवी आहे, वस्तू आहे की देशाची खूण? पदवी असेल तर त्याच दिवशी बदलते, बड्या वकिलांचं क्वीन्स काउन्सेलचं किंग्ज काउन्सेल झालं, राष्ट्रगीतात क्वीनच्या जागी किंग आलं, कुठला नवा कायदा लागला नाही. वस्तू असेल तर संपेल तशी बदलते, पासपोर्टवर राजाचं नाव जुलै २०२३ पासून छापायला लागले, जुने पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालू. देशाचा झेंडा बदलत नाही.

लाल पोस्टपेट्या तर कुणी हातच लावत नाही, ज्या राजा-राणीच्या काळात बसवली त्यांच्याच नावाची अक्षरं राहतात, म्हणून रस्त्यावर व्हिक्टोरियाच्या पेट्या अजून आहेत. चार्ल्सची अक्षरं असलेली पहिली पेटी बसली जुलै २०२४ मध्ये, केंब्रिजशायरमध्ये. राणीच्या अक्षरांवर सेंट एडवर्डचा मुकुट होता, चार्ल्सच्या अक्षरांवर ट्यूडर मुकुट आहे आणि त्याच्या कमानी वर गोल निघतात, राणीच्यासारख्या मध्यभागी दबत नाहीत. स्कॉटलंडमध्ये मुकुटसुद्धा वेगळा, तिथला स्वतःचा.

आणि हे सगळं फक्त ब्रिटनचं. चार्ल्स ऑस्ट्रेलियाचाही राजा आहे, तिथल्या नाण्यांवर तो आला, पण ५ डॉलरच्या नोटेवर राणीनंतर त्याला न घेता तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचं डिझाइन घ्यायचं असं २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे दुसऱ्या देशाचे डॉलर हातात असतील तर ब्रिटनचे नियम लावू नका, त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या साइटवर बघा.