बोली म्हणजे किंमत नव्हे: ऑनलाइन लिलावात या चुका टाळा

गुळाच्या नाहीतर भाजीच्या सौद्यात वाढलेल्या माणसाला एक सवय असते. भाव फुटला की हमाली, तोलाई, अडत यांचा हिशेब तो मनातल्या मनात करून मोकळा होतो. पट्टीवर काय काय लागणार हे बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. तोच माणूस मोबाइलवर लिलावात उतरला की हे सगळं विसरतो. पडद्यावर 2 लाख 40 हजार दिसले म्हणजे तेवढ्यात लेथ मशीन दारात, असं धरून चालतो.

दुसऱ्याचं कशाला सांगू, मीच असा आपटलो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. कोल्हापूरकडच्या एका बंद कारखान्याची मशिनरी लिलावात निघाली होती. माझ्याकडे सगळे मिळून 2 लाख 60 हजार होते. 2 लाख 40 हजारांवर लेथची बोली सुटली, 20 हजारांत क्रेन आणि टेम्पो होईल म्हणून खूश झालो. संध्याकाळी मागणीपत्र आलं ते 2,90,280 रुपयांचं. यार्डातल्या माणसाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "अटी वाचल्या न्हाईत काय तुम्ही?" वाचल्या नव्हत्या. माघार घेतली तर अनामत जाणार होती. शेवटी मेहुण्याकडून उसने घेतले.

हिशेबात लबाडी काहीच नव्हती. मशीनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 43,200. लिलाव चालवणाऱ्यांचा सेवा आकार अडीच टक्के, म्हणजे 6,000, आणि त्या आकारावर पुन्हा 18 टक्के, म्हणजे 1,080. मोठ्या लिलावांत बोली बहुतेक वेळा करावाचून असते आणि कर 'लागू असेल तसा' एवढंच लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या त्या मालाच्या, माहितीत लिहिलेलं असतं. दुकानातल्या पाकिटावरची एमआरपी सगळे कर धरून असते, त्याच सवयीने आपण लिलावाचा आकडा वाचतो. चूक तिथंच होते.

त्यावर उपाय म्हणजे उलटा हिशेब. बोलीच्या दर 100 रुपयांमागे खिशातून किती जाणार हे आधी काढायचं. माझ्या लॉटला ते 120 रुपये 95 पैसे होते. 2 लाख 60 हजारांतून वाहतुकीचे 15 हजार बाजूला काढले की उरतात 2 लाख 45 हजार. त्याला 120.95 ने भागून 100 ने गुणलं की येतात साधारण 2,02,500. तो आकडा कागदावर लिहून मोबाइलशेजारी ठेवायचा आणि तिथं थांबायचं. शेवटच्या मिनिटात बोली वाढली की वेळही आपोआप वाढतो, समोरचा हजार-हजाराने चढवत असतो आणि आपल्याला वाटतं, हजारानं काय होतंय? पण प्रत्येक हजाराला माझे 1,209 रुपये जात होते.

आता आपल्या सीमाभागाची खास चूक. नोंदणी करताना मी पत्ता दिला कोल्हापूरच्या चुलतभावाचा, कागद लवकर हाती लागतील म्हणून, आणि माझा जीएसटी क्रमांक टाकायचा राहिला. बिल आलं महाराष्ट्रातल्या माणसाला विकल्यासारखं, सीजीएसटी (केंद्राचा हिस्सा) 9 आणि एसजीएसटी (राज्याचा हिस्सा) 9 टक्के. एकूण 18 टक्केच, मग बिघडलं काय? बिघडलं असं की माझी नोंदणी कर्नाटकातली, क्रमांक 29 ने सुरू होणारा. 27 च्या, म्हणजे महाराष्ट्राच्या खात्यात भरलेल्या या कराची वजावट मला इथं मिळत नाही, म्हणजे माझ्या विक्रीवरच्या करातून तो वळता करता येत नाही. माल बेळगावला येणार असेल तर बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी, हवा आणि त्यावर आपला क्रमांक. विक्रेत्याने जुनं बिल मागे घेणारी क्रेडिट नोट काढून नवीन बिल दिलं, पण त्यात बरेच आठवडे गेले आणि 43,200 रुपये अडकून पडले. सी फॉर्मच्या (परराज्यातल्या खरेदीला कमी विक्रीकर लागावा म्हणून द्यायचा कागद) जमान्यातले जुने व्यापारी हद्द ओलांडताना दहादा विचार करायचे. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले आणि निपाणीहून कागल म्हणजे शेजारचं गाव वाटायला लागलं. कराच्या लेखी ते अजून परराज्यच आहे. आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या छोट्या धंद्यांच्या योजनेत, असाल तर वजावटीचा प्रश्नच नाही. तुमच्यासाठी तो सगळा कर खर्चात धरायचा.

ई-वे बिलाचंही, म्हणजे माल नेताना सोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचंही, तसंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ते लागत नाही, त्यामुळे तिकडच्या यार्डात सहज सांगतात, "एवढ्याला नको वो." राज्याबाहेर माल चालला की मर्यादा 50 हजार, आणि तीही कर धरून. 45 हजारांची बोली 18 टक्क्यांनी 53,100 होते, म्हणजे ई-वे बिल हवंच. गाडी रस्त्यात अडली तर दंड कराच्या दुप्पट बसू शकतो. उलट दिशेलाही सावध राहा. बेळगावातल्या वडगावचा कुणी जुने माग इचलकरंजीला विकत असेल तर ती दुसऱ्या राज्यात विक्री झाली. धंद्यातला करपात्र माल असा विकायचा तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून मिळणारी सूट कामाला येत नाही, आधी नोंदणी लागते.

गाड्यांच्या बाबतीत गैरसमज उलटा आहे. 2025 च्या सुरुवातीला जुन्या गाड्यांवर सरसकट 18 टक्के झाले तेव्हा मोबाइलवर काय काय फिरत होतं, जणू पूर्ण किमतीवरच कर! हा कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. त्याने गाडी 3 लाखांना घेतली आणि 3 लाख 40 हजारांना विकली तर कर 40 हजारांवर, म्हणजे 7,200. घरच्या माणसाने आपली गाडी विकली तर जीएसटी नाही. त्यामुळे लिलावात पूर्ण बोलीवर 18 टक्के लावलेले दिसले तर कशाच्या आधारे, असं विचारा. एमएच-09 ची गाडी बेळगावात आणणाऱ्याला दणका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. कोल्हापूर आरटीओचं ना-हरकत, मग केए-22 किंवा चिकोडीकडे केए-23 ची नोंदणी, आणि कर्नाटकचा रस्ता कर. हा खर्च लिलावाच्या कुठल्याच पानावर नसतो. बोलीआधी आरटीओत चौकशी करा, एजंटच्या अंदाजावर जाऊ नका.

किंमत लपवली असं खरंच वाटलं तर? 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने सगळे आकार आणि कर धरून एकूण किंमत एका आकड्यात, फोड करून दाखवायची असते. पैसे भरताना एकेक आकार वर काढत जाण्याला 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसवी पद्धतच ठरवलंय. लिलावात शेवटचा आकडा आधी सांगता येत नाही हे खरं, पण दर तरी सांगता येतात की! अनामत भरण्याआधी मेल करून विचारा: कर कशावर, किती टक्के, सेवा आकार किती, उचलायला उशीर झाला तर यार्डभाडं किती. उत्तर लेखी घ्या. तक्रारीला 1915 हा क्रमांक आहे. मात्र निव्वळ धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहक ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी मशीन घेतली असेल तर गोष्ट वेगळी.

बँकांच्या घर-जागांच्या लिलावाबद्दल थोडक्यात. जमिनीवर किंवा बांधून पूर्ण झालेल्या घरावर जीएसटी नाही, पण मुद्रांक आणि नोंदणी शुल्क बोलीच्या वर असतं. 50 लाख किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. 'जसे आहे तसे' या शब्दांत जुनी थकबाकीही येऊ शकते. वीजमंडळाच्या नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाचं थकलेलं बिल लिलावात घेणाऱ्याकडे मागता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा मीटरचा क्रमांक लिहून घ्या आणि हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, ऑफिसात बाकी विचारा. घरपट्टीची चौकशी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करा. नोटीस कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्याला शेजारी बसवून अटींचं पान पूर्ण ऐका. गल्लीत असा कोणीतरी असतोच.