मे महिना, कोकण आणि ट्रायथलॉन: माझं कसं जमलं

बडोद्यात मे महिन्यात सकाळी आठनंतर सायकल म्हणजे तापल्या तव्यावर बसणं, त्यात मुलांना सुट्ट्या, घरात पाहुणे आणि बायकोचं म्हणणं की रविवारी तू दिसतच नाहीस. ट्रायथलॉनचं ऑलिम्पिक डिस्टन्स म्हणजे सलग १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं, तिन्हीच्या सरावाला वेगवेगळा वेळ काढायचा तर नोकरीच सोडावी लागेल! म्हणून ब्रिक सेशन, म्हणजे दोन प्रकारांचा सलग सराव धरला, पहाटे आजवा रोडला सायकल, उतरल्या उतरल्या लगेच थोडं धावणं आणि मुलं उठायच्या आत फाफडा घेऊन घरी. पोहणं मुलांच्या बॅचच्या वेळेलाच, एका फेरीत दोन कामं. रविवार घरचा, त्यावर चर्चा नाही.

खरी पंचाईत कोकणात गावी गेल्यावर. सायकल नेलीच नाही (ट्रेनमध्ये न्यायचा ताप कोण घेणार), फक्त शूज आणि ओढायचा रबर बँड. बँडने पोहण्याचे खांदे शाबूत राहतात, आणि धावणं कमी पण चढावर जोरात, कारण व्हॉल्यूम कमी झाला तरी इंटेन्सिटी राखली की काही आठवडे फिटनेस बऱ्यापैकी टिकतो. समुद्रात मात्र एकटं पोहू नका, पावसाच्या तोंडावर तर नाहीच. परत आल्यावर सायकलवर पाय थोडे कुरकुरले, बाकी ठीक.