ब्रेस्ट पंपने दूध काढताना कमी येतंय? आधी मशीन बघा, मग वेळा, खाणंपिणं सगळ्यात शेवटी

बाटलीच्या तळाशी जेमतेम दूध दिसलं की पहिला विचार हाच येतो की मला दूधच नाहीये, आणि मग घरातला प्रत्येक जण काहीतरी खायला सुचवायला लागतो. खा की, आईला भूक लागतेच, पण दूध बनतं ते छाती दिवसात किती वेळा आणि किती नीट रिकामी होते त्यावर. दूध साठून राहिलं की पुढचं दूध बनायचा वेग आपोआप मंदावतो आणि रिकामं झालं की परत वाढतो, एवढाच सगळा कारभार आहे. त्यामुळे दूध वाढवायचं म्हणजे आधी ते नीट बाहेर काढायचं.

पण त्याच्याही आधी, दूध खरंच कमी आहे का ते बघा. बाळ अंगावरही पितंय आणि तुम्ही मधेमधे पंप करताय तर दोन्ही बाजू मिळून १५ ते ६० मिली येणं अगदी नॉर्मल आहे, ते बाळाचं पिऊन उरलेलं दूध असतं. एक फीड चुकवून त्या जागी पंप केलं तर साधारण ६० ते १२० मिली. १ महिना ते ६ महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलीच्या आसपास पितं, कोणी बरंच कमी कोणी बरंच जास्त, आणि हा आकडा या महिन्यांत फारसा वाढत नाही. म्हणून एका बाटलीवरून निकाल लावू नका, २४ तासांची बेरीज करा. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी हे जवळपास सगळ्यांचंच असतं. आणि दीड-दोन महिन्यांनंतर छाती पूर्वीसारखी टणक भरून येत नाही, मऊ लागते, तेव्हा बऱ्याच जणी घाबरतात की दूध आटलं, तसं नसतं, शरीराला फक्त अंदाज आलेला असतो. पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ किंवा जास्त वेळा शू होतेय आणि वजन नीट वाढतंय म्हणजे बाळाला पुरतंय. या दोन्हीत गडबड असेल तर हे वाचत बसू नका, आधी बाळाच्या डॉक्टरांकडे जा.

अजून एक, बाटलीने पाजणारी व्यक्ती बाटली उभी धरून ओतल्यासारखं पाजत असेल तर बाळ गरजेपेक्षा जास्त पितं आणि तुम्हाला वाटतं आपलं दूध पुरत नाही. बाळाला बऱ्यापैकी उभं धरा, बाटली आडवी, आणि मधेमधे थांबून पाजा.

आता मशीन. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो आणि कुणी सांगत नाही. तो जो फनेलसारखा भाग छातीला लावतो, फ्लँज, त्याचा साईज. बऱ्याच पंपांच्या बॉक्समध्ये २४ मिमीचा येतो आणि आपण तोच लावून बसतो, पण कित्येक जणींना त्याहून लहान लागतो आणि काहींना मोठा. मोजायचं कसं तर पंप करायच्या आधी (नंतर नाही, नंतर सुजलेलं असतं) निपलच्या बुडाशी रुंदी किती मिमी आहे ते स्केलने मोजा, फक्त निपल, भोवतीचा काळसर भाग धरायचा नाही. जो आकडा येईल तेवढाच किंवा त्यापेक्षा २-३ मिमी मोठा फ्लँज घ्या, आणि शेवटी जो लावून दुखत नाही आणि दूध जास्त येतं तो तुमचा. डावी-उजवी वेगळी असू शकते, हसू नका, खरंच असते. बघायचं काय? निपल नळीत मोकळं पुढेमागे व्हायला हवं. कडेला घासत असेल, पंपानंतर पांढरं किंवा जांभळट पडत असेल तर फ्लँज लहान आहे. भोवतीचा काळसर भाग बराच आत ओढला जात असेल तर मोठा आहे. मोठ्या फ्लँजमध्ये बसवायचे छोटे इन्सर्ट मिळतात, त्यामुळे लगेच नवीन पंप घ्यायची गरज नसते.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह, तो पांढरा रबरी तुकडा. धुवून धुवून तो सैल होतो, चीर उघडी राहते, आणि ओढ कमी होते, मोटर मात्र तशीच घरघरत असते त्यामुळे कळतच नाही. दूध अचानक कमी झालं तर सगळ्यात आधी हा बदलून बघा. दिवसातून ७-८ वेळा पंप करणाऱ्या बाईने महिना-दोन महिन्यांत बदलावाच. नळीला चीर गेलीय का, चार्जिंग उतरलंय का हेही बघा. आणि ब्राच्या आत घालायचे ते वायरलेस पंप सोयीचे आहेत खरे, पण बाळ अंगावर अजिबात पीत नसेल आणि सगळं दूध पंपावरच बसवायचं असेल तर सुरुवातीचे आठवडे दोन्ही बाजू एकदम ओढणारा चांगला इलेक्ट्रिक पंप बरा, जमल्यास हॉस्पिटलमध्ये वापरतात तसला भाड्याने. वायरलेस नंतर आहेच.

ओढ किती ठेवायची? जास्तीत जास्त ठेवली की जास्त दूध, असं अजिबात नाही. दुखलं की पान्हा अडतो. हळूहळू वाढवत न्या, थोडं जरी अनकम्फर्टेबल वाटलं की एक पायरी खाली या, तीच तुमची सेटिंग. सुरुवातीला हलका आणि भरभर मोड, दूध यायला लागलं की संथ आणि खोल मोड. आणि ही ट्रिक फार जणींना माहीत नसते, धार थांबली की लगेच बंद करू नका, परत त्या भरभर मोडवर जा, दोन-तीन मिनिटांत पुन्हा पान्हा फुटतो आणि दुसरी धार येते. एकूण १५ ते २० मिनिटं, आणि शेवटचे थेंब थांबल्यावर अजून २ मिनिटं. तासभर ओढत बसून काही होत नाही, निपल सोलवटतं फक्त.

हाताचाही वापर करा. पंप लावायच्या आधी हलका मसाज, पंप चालू असताना जिथे भरलेलं लागतंय तिथे हलकं दाबून धरायचं, आणि पंप काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं हाताने पिळून काढायचं. त्या शेवटच्या हाताच्या दुधात फॅट जास्त असतं आणि छातीही नीट रिकामी होते. हलकं म्हणजे हलकंच हं, कणीक मळल्यासारखं रगडलं तर आत सूज येते.

आता वेळा. बाळ अंगावर पीतच नसेल तर पहिले १२ आठवडे २४ तासांत ८ ते १० वेळा पंप करायला लागतं, याला शॉर्टकट नाही. घड्याळ लावून दर तीन तासांनी नाही जमलं तरी चालतं, सकाळी दोनदा पटापट करा आणि दुपारी गॅप पडू दे, दिवसाची बेरीज महत्त्वाची. फक्त सुरुवातीच्या आठवड्यांत एकच गॅप पाच तासांच्या वर जाऊ देऊ नका. रात्री १ ते ५ च्या मधला एक पंप जीवावर येतो पण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हार्मोन तेव्हा जास्त असतं, त्यामुळे सप्लाय कमी असेल तर तो सोडू नका. त्या बदल्यात एकदा तरी सलग चार तास झोप मिळेल अशी घरच्यांशी वाटणी करून घ्या, बाळाला पाजणं, ढेकर काढणं, बाटल्या धुणं हे दुसरं कुणीही करू शकतं, पंपाला मात्र तुम्हीच लागता.

बाळ अंगावरही पीत असेल तर एवढं करायची गरज नाही, सकाळच्या पहिल्या फीडनंतर अर्ध्या-पाऊण तासाने एक पंप आणि रात्री झोपायच्या आधी एक, यानेही फरक पडतो.

पॉवर पंपिंग ऐकलं असेल. बाळ वाढीच्या दिवसांत सारखं सारखं प्यायला मागतं ना, त्याची ही नक्कल आहे. एक तास बाजूला काढायचा, २० मिनिटं पंप, १० मिनिटं आराम, १० पंप, १० आराम, परत १० पंप. दिवसातून एकदा, नेहमीच्या एका पंपाच्या जागी. त्या तासात दूध जास्त येणार नाही, शेवटच्या दहा मिनिटांत तर कधी कधी नुसते थेंब येतात, ते ठीक आहे, तिथे आपण ऑर्डर देतोय, डिलिव्हरी नंतर. तीन दिवस ते आठवडाभर करा, फरक दिसायला तेवढा वेळ लागतोच. दुसऱ्या दिवशीच सोडून देऊ नका.

पान्हा फुटायला डोकं शांत लागतं, कारण दूध पुढे ढकलणारं ऑक्सिटोसिन हार्मोन टेन्शन, थंडी, दुखणं यात अडखळतं. पंप करताना बाटलीकडे बघत बसू नका, तिच्यावर एक पायमोजा चढवून टाका, खरंच सांगते, मिली मोजणं थांबलं की दूध बरं येतं. बाळाचा फोटो, बाळाचं अंगाला लागलेलं झबलं, छातीला कोमट कपडा, काहीही जे चालेल ते. आणि पंप करायच्या आधी बाळाला नुसतं डायपरवर उघड्या छातीशी धरून बसा, बाळ पीत नसलं तरी त्या स्पर्शाने मदत होते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात, दिवसाला साधारण ३३० ते ४०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे डाएटिंगची ही वेळ नाही. पाणी तहानेप्रमाणे, पंप करताना बाजूला बाटली ठेवा, पण जबरदस्तीने लिटर लिटर प्यायल्याने दूध वाढत नाही. दूध वाढवणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल्सचा पुरावा फार पक्का नाही, छाती रिकामी होत नसेल तर त्या काय करणार. डॉम्पेरिडोनसारखी गोळी कुणी मैत्रिणीने सांगितली म्हणून घेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ती डॉक्टरांनी दिली तरच. उलट दूध कमी करणाऱ्या गोष्टी तपासा: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन, सिगरेट. पाळी सुरू झाली की काही दिवस दूध कमी होतं आणि परत येतं.

एवढं सगळं नीट करून दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर डॉक्टरांना थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड), डिलिव्हरीत खूप रक्त गेलं होतं का, वार (प्लॅसेंटा) आत राहिली का, छातीचं ऑपरेशन झालंय का, हे विचारा. काही बायकांना मनापासून सगळं करूनही पूर्ण दूध येत नाही, त्यात त्यांची चूक काहीच नसते, वरचं दूध द्यावं लागलं तर द्यायचं, फक्त जेव्हा जेव्हा ते द्याल तेव्हा एक पंप करा म्हणजे आहे ते तरी टिकतं.

छातीत गाठ, लालसरपणा, दुखणं आलं तर पंप बंद करू नका पण घाबरून जास्तही करू नका, नेहमीएवढंच करा, वरून थंड शेक द्या, रगडू नका. ताप आला किंवा दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टर.

काढलेलं दूध खोलीत २५ अंशांपर्यंत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, डीप फ्रीझरमध्ये ६ महिने. उकाडा असेल तर सरळ फ्रिजमध्येच टाका. बाळाने तोंड लावलेली बाटली २ तासांत संपवायची नाहीतर टाकून द्यायची (जीव तुटतो, माहितीये). मायक्रोवेव्ह नको, गरम पाण्यात बाटली धरा. पंपाचे भाग प्रत्येक वेळी धुवा आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर रोज एकदा उकळून घ्या.

आणि सप्लाय नीट बसला, बाळाला पुरून थोडं उरायला लागलं, की पंप एकदम कमी करू नका. चार-पाच दिवसांत एक, असं सोडा, आणि बेरीज घसरली तर सोडलेला पंप परत लावा.