बिअरचा रंग नेमका कुठे बिघडला?

इंदूरमध्ये बिअर बनवण्याचं काम घरच्या गच्चीवर शिकता येत नाही. मध्य प्रदेशात विनापरवाना बिअर काढणं हा आबकारी गुन्हा आहे. म्हणून शिकायचं ते मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या परवानाधारक कारखान्यात. आमच्याकडे नव्या मुलांना आधी २० लिटरच्या पातेल्यावर बसवतात आणि मग हटकून ऐकू येतं: "दादा, सोनेरी व्हायला हवी होती, तांबडी झाली."

मी आधी विचारतो, पाहिलीस कशात? पिंपात काळपट दिसणारी बिअर ग्लासात सोनेरी निघते. थर जाड तितका रंग गडद. प्रयोगशाळेतही गाळ काढून, १ सेंटिमीटरच्या थरातून, ४३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशातच रंग मोजतात. तेव्हा प्रत्येक टप्प्याचा नमुना एकाच मापाच्या ग्लासात काढून पाहा. रंग कुठे बदलला ते कळलं की अर्धं काम झालं.

उकळण्याआधीच वॉर्ट (धान्यातून उतरलेलं गोड पाणी) गडद आहे? मग गिरणी उघडा. आदल्या दिवशी स्टाउटचं (काळ्या बिअरचं) धान्य दळलं असेल तर रोलरखाली काळी भाजलेली बार्ली अडकलेली सापडते. २० लिटरला जेमतेम ५० ग्रॅम पडली, तरी फिक्या लागर बिअरचा एसआरएम (रंगाचा आकडा, जितका मोठा तितका रंग गडद) ३ वरून ९ च्या आसपास जातो. जिभेला पुसट जाणवेल, डोळ्यांना लगेच.

गिरणी साफ निघाली, तर पाणी. नळाला नर्मदा असो की टँकरने आलेलं बोअरचं, क्षारता मोजल्याशिवाय वापरू नका. मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या धान्याचा) पीएच ५.२ ते ५.६ असावा, स्पार्जचं (नंतर धान्य धुवायचं) पाणी ६ च्या आत. पीएच चढला की धान्याच्या सालातला तुरटपणा उतरतो आणि उकळताना रंगही जास्त चढतो. थोडं लॅक्टिक ॲसिड पुरतं.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या धान्याचा तयार अर्क) वापरत असाल तर डब्यावरची तारीख बघा. मे महिन्याच्या उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेलं एक्स्ट्रॅक्ट आपोआप लालसर होतं. ताजं असलं तरी बरंचसं उकळी संपता संपता घाला.

आंबताना रंग सहसा किंचित उतरतो. उलट केगमध्ये (बिअर भरायच्या बंद पिंपात) गेल्यावर गढूळ आयपीए (हॉप्स जास्त घातलेली बिअर) पिवळीची राखाडी-तपकिरी होऊ लागली, तर आत हवा शिरली म्हणून समजा. हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास गेलेला असतो, ओल्या पुठ्ठ्याचा येतो. त्यावर औषध नाही. पुढच्या वेळी केगमधली हवा कार्बन डायऑक्साइडने आधी हाकला आणि बिअर बंद नळीतूनच भरा.

चव शाबूत असलेली तांबूस लागर मात्र ओतून देऊ नका. फिक्या बॅचमध्ये मिसळता येते, नाहीतर आम्ही सरळ फळ्यावर "अँबर" लिहितो.