अध्यक्षांच्या भाषणातला एआय ताळेबंदात कसा शोधायचा

२००० साली माझ्या वडिलांनी स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून एका कापड कंपनीचे शेअर घेतले. कंपनीने नावाला नुकतंच ‘इन्फोटेक’ जोडलं होतं. वर्षभरात शेअरची रद्दी झाली. मी तेव्हा पार्ल्यात अकाउंट्स शिकवत होते, आणि त्या कंपनीचा वार्षिक अहवाल घरात न उघडलेल्या पाकिटात पडून होता. नव्या तंत्रज्ञानाची भाषा आणि हिशेबाचे आकडे यांतलं अंतर हा माझा संशोधनाचा विषय झाला तो त्या पाकिटामुळे.

कंपनी नव्या तंत्रज्ञानाबद्दल जे बोलते ते तिच्या हिशेबात दिसतं का, हे तपासायची एम.कॉम.च्या मुलांना शिकवते ती पद्धत इथे देते. एक रविवार सकाळ पुरते.

बीएसईच्या वेबसाइटवरून कंपनीचे लागोपाठ तीन वर्षांचे अहवाल उतरवून घ्या. अध्यक्षांच्या निवेदनात ‘एआय’, ‘ब्लॉकचेन’ असे शब्द किती वेळा आलेत ते मोजून वहीत लिहा. मग संचालकांच्या अहवालाचं परिशिष्ट उघडा. त्यात ‘टेक्नॉलॉजी अ‍ॅबसॉर्प्शन’ नावाचा भाग असतो आणि संशोधन व विकासावरचा खर्च तिथे द्यावाच लागतो. निवेदनात एआय ४० वेळा आणि इथे ‘निरंक’, असं दिसलं तर वर्तुळ करा. लगेच दोषी मात्र ठरवू नका. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असू शकतं. तसं असेल तर अमूर्त (सॉफ्टवेअरसारख्या, हाताला न लागणाऱ्या) मालमत्तेच्या टिपेत, म्हणजे ताळेबंदासोबतच्या खुलाशात, यंदाची भर दिसेल.

खरा वेळ द्यायचा तो ‘इंटँजिबल अ‍ॅसेट्स अंडर डेव्हलपमेंट’ (अजून तयार होत असलेली अमूर्त मालमत्ता) या ओळीला. इंड एएस ३८ या भारतीय हिशेब मानकाप्रमाणे संशोधनाच्या टप्प्यातला खर्च थेट नफा-तोटा पत्रकात जातो. विकासाच्या टप्प्यातला खर्च मात्र ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढतो. काम तडीस जाऊ शकतं का, ते वापरायचा किंवा विकायचा इरादा आहे का, त्यासाठी पैसा आहे का, हे व्यवस्थापनच ठरवतं. समजा, इंजिनिअरांच्या पगारावर १०० कोटी गेले आणि त्यातले ६० कोटी ‘विकास’ म्हणून मालमत्तेत टाकले, तर यंदाचा करपूर्व नफा तेवढ्याने फुगलेला दिसतो. पैसे १०० कोटीच गेलेले असतात. कॅश फ्लोमध्येही, म्हणजे रोकड कुठून आली आणि कुठे गेली त्या पत्रकातही, हे ६० कोटी गुंतवणुकीच्या भागात जातात, त्यामुळे धंद्यातून आलेली रोकडही चांगली दिसते. म्हणून धंद्याच्या रोकडीतून ही रक्कम वजा करून पाहा. माझे विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

त्याच टिपेत या रकमेचं वय दिलेलं असतं: एक वर्षाहून कमी, एक ते दोन, दोन ते तीन, तीनहून जास्त. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मधल्या २०२१ च्या बदलामुळे हा तक्ता आला. गुंतवणूकदारासाठी याहून उपयोगी तक्ता मला अलीकडे दिसलेला नाही. ‘तीनहून जास्त’च्या रकान्यात दर वर्षी भर पडत असेल, तर ते सॉफ्टवेअर कधी चालू होणार हे विचारायलाच हवं.

कंपनीने नाव बदललं असेल तर आणखी एक तपासणी. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ने स्वतःला ‘लाँग ब्लॉकचेन’ म्हणवून घेतलं आणि शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला. २०२१ मध्ये तिथल्या नियामकाने त्या शेअरची नोंदणीच रद्द केली. आपल्याकडे सेबीच्या नियमानुसार नव्या नावातून सूचित होणाऱ्या धंद्यातून मागच्या वर्षाचं निदान ५० टक्के उत्पन्न आलेलं असावं लागतं, किंवा कंपनीच्या मालमत्तेच्या निदान ५० टक्के रक्कम त्यात गुंतलेली असावी लागते. सेगमेंटची, म्हणजे कोणत्या धंद्यातून किती उत्पन्न आलं ते सांगणारी, टीप उघडून हा आकडा स्वतः पडताळा.

एवढं झाल्यावर वार्षिक सभेच्या नोटिशीत वक्ता म्हणून नाव नोंदवायची मुदत पाहा. एक शेअर असला तरी चालतो. प्रश्न लहान ठेवा, पान क्रमांकासकट: ‘पान अमुक, टीप तमुक. तीन वर्षांहून जुनी ही रक्कम कोणत्या प्रकल्पाची आहे, आणि तो पूर्ण कधी होणार?’